जुनी बुलेट, दुरुस्ती आणि सुधारणा

जुन्या गाडीवर सुट्टीचे दिवस खर्च करणारा माणूस एक तर हौशी असतो किंवा हट्टी, असे आमच्या प्राध्यापक-कक्षातील सर्वसाधारण मत आहे. वडिलांनी 1996 साली घेतलेली बुलेट 350 अद्याप माझ्याकडे आहे आणि तिची बहुतेक कामे मी घरच्या अंगणातच करतो, हे कळल्यावर एका सहकाऱ्यांनी 'म्हणजे तुमचे ते झेन वगैरे का?' असे विचारले होते. रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' 1974 साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून सुशिक्षितांच्या जगात पाना हाती घेणाऱ्याला जणू तत्त्वज्ञानाचा परवाना दाखवावा लागतो. त्या पुस्तकाविषयी मला आदर आहे. परंतु हाताचे काम तत्त्वचर्चेच्या पातळीवर नेल्याखेरीज प्रतिष्ठेचे ठरत नाही, ही जी आपली समजूत आहे, तिच्याविषयी माझी तक्रार आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथपाशी उभा असलेला कारागीर विचारच करीत असतो. हे मला माझ्या एका चुकीमुळे उमगले. आणि ती चूक साहित्याच्या अभ्यासकाने तरी करायला नको होती.

गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 70 मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसीचे ओतीव लोखंडाचे इंजिन. मूळ आरेखन इंग्लंडमधले. मद्रासला या गाड्यांची जुळणी 1955 पासून सुरू झाली. इंजिन धीम्या चालीचे असल्यामुळे घाट आणि लांबचा पल्ला तिला मानवतो, मात्र तिच्याकडे वारंवार लक्ष द्यावे लागते. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट पाहावे लागतात. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पॉइंटमधले अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावे लागते. ही कामे अवघड नाहीत. त्यांना फिलर गेज, चांगला उजेड आणि घाई नसलेली सकाळ लागते.

वडिलांनी एवढेच केले आणि गाडी चालली. मला मात्र ती 'सुधारायची' होती. 2014 साली मी मूळ सायलेन्सर काढून मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, एअर फिल्टरची पेटी काढून उघडा फिल्टर लावला आणि काढलेले सामान भंगारात दिले. गाडी हलकी वाटू लागली; आवाजाने तर मी स्वतःच भारावलो. त्याच मे महिन्यात कोकणातून परतताना करूळ घाटाच्या चढाला इंजिन सीझ झाले. मागे पत्नी बसलेली होती. चाक अडकताच गाडी घसरली नाही, हे केवळ चाल मंद होती म्हणून. क्लच वेळेवर दाबला, एवढेच काय ते माझे कर्तृत्व.

गाडी टेम्पोतून उद्यमनगरात आली. मिस्त्रींनी इंजिनाला हात लावण्यापूर्वी प्लग काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "सर, हे वाचा की." प्लगचे टोक खडूसारखे पांढरे होते. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले तर तेथे काजळी धरते, योग्य असेल तर तांबूस-करडा रंग येतो आणि हवा जास्त झाली तर ते पांढरे पडते. मी हवेच्या दोन्ही वाटा मोकळ्या केल्या होत्या. कार्बोरेटरचा जेट मात्र जुनाच होता. अशा मिश्रणाने इंजिन तापते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला धरतो. ओवीतला एक शब्द बदलला की पुढचे यमक सांभाळावे लागते, हे वर्गात सांगणाऱ्या मला गाडीतला एक भाग बदलला की दुसरा बदलावा लागतो, हे सुचले नव्हते. मिस्त्रींचा दुसरा प्रश्न अधिक बोचरा होता : "जुना सायलेन्सर हाय न्हवं घरात?"

सिलिंडर बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन बसवावा लागला. बोअर गेलेले लोखंड परत येत नाही. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते, आणि असे फार वेळा करता येत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली हाती घेतले आणि ते 1966 साली पूर्ण झाले. हे उदाहरण मी दरवर्षी एम.ए.च्या वर्गात देतो. निरनिराळ्या हस्तलिखितांची तुलना करून संपादकांनी अनेक श्लोक मुख्य संहितेतून वगळले. पण वगळलेले फेकून दिले नाहीत. पाठभेद तळटीपांत गेले, लांब प्रक्षेप परिशिष्टांत गेले. संपादकाचा निर्णय चुकला असेल, तर पुढच्या अभ्यासकाला तो तपासता यावा, ही त्यामागची नम्रता. मी भंगारवाल्याला दिले ते नुसते पत्र्याचे नळकांडे नव्हते. माझा निर्णय तपासून पाहण्याची सोय मी दिली होती.

म्हणून सुधारणेविषयी माझे मत आज असे आहे : जी मागे घेता येते आणि जिची नोंद राहते तीच सुधारणा. हेडलाइट मंद होता, तेव्हा मी रिले बसवला. जुन्या स्विचमधून आणि वायरीतून जाताना घटणारा विद्युतदाब त्यामुळे वाचतो, प्रकाश वाढतो आणि मूळ वायरिंग एकाही ठिकाणी कापावे लागत नाही. उद्या कोणाला तो नको असेल, तर अर्ध्या तासात निघेल. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यावे का, हा प्रश्न मात्र मी अजून सोडवलेला नाही. त्याला वारंवार जुळवावे लागत नाही, हे खरे. पण पॉइंट बिघडले तर पॉलिश पेपरच्या तुकड्यावर आडरानातून घरी येता येते, ते यंत्र बिघडले तर येता येत नाही.

याउलट काहीच बदलू नये म्हणणारे मूळवादीही मला पटत नाहीत. ब्रेकचे लायनर, केबल, टायर यांच्या बाबतीत जुनेपणाचा अभिमान धरणे म्हणजे मागे बसणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 52 मालकाला निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून मनमानी फारकत घेऊ देत नाही, ते मला पूर्वी जाचक वाटे. रस्ता एकट्याचा नसतो, हे घाटात कळल्यावर तसे वाटेनासे झाले. नोंदणीची पंधरा वर्षे 2011 मध्ये संपली. तेव्हापासून दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला उभी राहते. तेथे आवाजाने कोणी भारावत नाही.

घरी दुरुस्ती करावी ती पैसे वाचतात म्हणून नव्हे. ते फारसे वाचतही नाहीत. आपण ज्याच्यावर विसंबतो ते कसे चालते, हे आपले आपण पाहिलेले असावे. विद्यार्थी मूळ संहिता बाजूला ठेवून मार्गदर्शक वाचतो, तेव्हा मी त्याला रागावतो. पण प्लग न वाचता सायलेन्सर बदलणारा मी त्याच पंथातला होतो.

पुढे जुन्या बाजारात मला तसाच मूळ सायलेन्सर मिळाला आणि आता तोच गाडीवर आहे. मोकळ्या आवाजाचा माळ्यावर ठेवला आहे, तारीख आणि कारण लिहिलेली चिठ्ठी बांधून. तो मी टाकून देणार नाही.