औषधांतील चुकांचा हिशेब

रुग्णालयात एखाद्या रुग्णाला चुकीचे औषध दिले गेले की आपल्याकडील पुढचा क्रम ठरलेला असतो. परिचारिका निलंबित होते, चौकशी समिती नेमली जाते आणि यथावकाश प्रकरण विस्मृतीत जाते. कपाटात मात्र सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या पूर्वीप्रमाणेच शेजारी शेजारी राहतात.

अशा चुका बहुतांशी निष्काळजी माणसांमुळे नव्हे, तर सदोष कार्यपद्धतीमुळे घडतात, हे अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ सालीच निदर्शनास आणले. तीव्र पोटॅशियम क्लोराइडचेच उदाहरण घ्या. ते विरळ न करता शिरेतून दिले गेल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून अनेक देशांतील रुग्णालयांनी त्याच्या कुप्या सामान्य कक्षांतून हलविल्या. या उपायाला खर्च जवळजवळ नाहीच. सारख्या नावांचा धोका आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००१ साली ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ या औषधांच्या वादात ओळखला आणि औषधांच्या नावांना अधिक कठोर कसोटी लावली. २०१६ साली वैद्यक परिषदेने सुवाच्य अक्षरांत मूळ नावे लिहिण्याचा नियम केला.

मग सुधारणा का होत नाही? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. चुकीची किंमत चूक घडू देणाऱ्या संस्थेच्या खतावणीत येतच नाही. वाढलेले बिल, बुडालेली मजुरी, प्रसंगी गेलेला कर्ता माणूस, हे सारे कुटुंबाच्या खात्यावर पडते. परिचारिकांची पदे रिक्त ठेवल्याने मात्र अंदाजपत्रकात ‘बचत’ दिसते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली हा जागतिक भुर्दंड वर्षाला ४२ अब्ज डॉलर इतका अंदाजिला होता.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शासन हे उपचारांचे मोठे खरेदीदार आहे आणि खरेदीदाराला अटी घालता येतात. धोकादायक औषधे वेगळी ठेवणे, ती देण्यापूर्वी दोघांनी पडताळणे आणि प्रत्येक चुकीची गोपनीय नोंद करणे, या अटी मान्य करणाऱ्या रुग्णालयांनाच योजनेत स्थान द्यावे. प्रामाणिक नोंदीबद्दल शिक्षा नसावी. हेतुपुरस्सर बेपर्वाईला मात्र क्षमा नको. शिक्षेच्या भयाने चुका थांबत नाहीत, त्या फक्त दडविल्या जातात. आणि दडविलेल्या चुकीची किंमत पुढचा रुग्ण मोजतो.