हजेरीपटावरून शेरा

न्याय करावयाचा तर तराजू हवा, हे कबूल. परंतु तराजू टांगला की न्याय झाला, असे मंडईत एकदा तरी भाजी घेतलेला माणूस म्हणणार नाही. पारड्यात काय टाकले, दांडी कोणाच्या हातात आहे आणि वजने खरी की खोटी, हे तो आधी पाहील. ही साधी व्यवहारबुद्धी आमच्या शिकल्यासवरल्या कचेऱ्यांतून मात्र हद्दपार होऊ लागली आहे.

तेथे सध्या एका नव्या तराजूचे कौतुक चालू आहे. २०२० साली करोनाच्या साथीत कचेऱ्या घरी आल्या आणि मीटिंग टेबलाभोवतून उठून संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसली. पडद्यावरच्या मीटिंगची एक खोड अशी की ती आपली नोंद आपणच ठेवते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, एकूण किती मिनिटे होता, याची यादी मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखे साधन विनासायास काढून देते. काही साधने याच्याही पुढे जातात आणि कोण किती वेळ बोलला याची टक्केवारी मांडतात. आता सल्ला असा दिला जातो की, ही सारी नोंद वर्षाअखेर साहेबापुढे ठेवावी आणि तिच्या आधारे हाताखालच्या माणसांच्या कामगिरीचा शेरा लिहावा. म्हणजे शेरा निःपक्षपाती होईल. पगारवाढ, बढती आणि प्रसंगी नारळसुद्धा आकड्यांच्या साक्षीने!

या सल्ल्यामागचे दुखणे खोटे नाही. साहेबाच्या आठवणीवर लिहिलेला शेरा कसा असतो, हे कोणत्याही नोकरदाराला विचारावे. वर्षातले अकरा महिने पुसले जातात आणि शेवटच्या महिन्यात जे घडले तेवढेच कागदावर उतरते. साहेबाबरोबर चहाला जाणाऱ्याचे दोष झाकले जातात आणि खाली मान घालून राबणाऱ्याचे नावही शेऱ्याच्या वेळी आठवावे लागते. या अन्यायावर उतारा हवा, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटते. माझे म्हणणे इतकेच की, हा उतारा नव्हे. त्याच दुखण्याला घातलेला हा नवा अंगरखा आहे.

प्रश्न सोपा आहे. मीटिंग बोलावतो कोण? साहेब. तिला कोणी यावे हे ठरवतो कोण? साहेबच. ती तास तास लांबवतो कोण? बहुधा तोही साहेबच. मग मीटिंगांच्या नोंदीवरून कारकुनाचे माप काढणे म्हणजे वस्तुतः साहेबाच्या वर्षभराच्या मर्जीची बेरीज करणे होय. ज्याला त्याने आठवड्यातून तीनदा समोर बसवून घेतले, त्याचा आकडा फुगणार. ज्याची त्याला वर्षात चारदाच आठवण झाली, त्याचा आकडा रोडावणार. पूर्वी मर्जी ही निदान मर्जी म्हणून ओळखू येत असे आणि लोक तिला पाठीमागे का होईना, नावे ठेवीत. आता ती पुराव्याच्या वेषात येते आणि पुराव्यापुढे गरिबाने बोलावे काय?

शिवाय काम आणि मीटिंग यांचे नाते बहुधा उलटे असते. ज्याने आपले काम वेळेवर आणि नीट पुरे केले, त्याच्यासाठी कोणी मीटिंग भरवीत नाही. ज्याने घोटाळा केला, त्याचा घोटाळा निस्तरण्यासाठी दहा मीटिंगा भरतात आणि त्या दहाही मीटिंगांत तो स्वतः हजर असतो. वर्षाअखेर नोंद उघडली तर दोघांत उद्योगी कोण दिसेल? प्रोग्राममधली एखादी चूक तीन दिवस एकट्याने डोके घातल्यावाचून सापडत नाही. ते तीन दिवस या वहीत कोरे असतात. कोऱ्या पानावर मेहनत दिसत नाही, एवढाच काय तो मेहनतीचा दोष.

आता या तराजूची वजने पाहू. पुण्याचे घड्याळ न्यूयॉर्कच्या घड्याळापुढे तिकडच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. तिकडचा ग्राहक सकाळी दहा वाजता कॉफीचा पेला घेऊन मीटिंगला बसतो, तेव्हा हिंजवडीत काम करणाऱ्या बाईकडे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात. त्या वेळी तिच्या घरात कुकरची शिट्टी होत असते, मुलाची वही उघडी असते, सासऱ्यांचे औषध द्यायचे असते. तिचा सहकारी त्याच वेळी आयते ताट वाढले जाण्याची वाट पाहत पडद्यासमोर निवांत बसलेला असतो. नोंदीत तिच्या नावापुढे 'चौदा मिनिटे उशीर' असे येते. कुकर येत नाही, औषध येत नाही. दिवसा तिने दोघांचे काम ओढले असले तरी तेही येत नाही. यंत्राने खोटे काहीच लिहिलेले नसते. ती चौदा मिनिटे उशिराच आली होती. खऱ्या आकड्यांनीही अन्याय करता येतो, तो असा.

दुसरे वजन बोलण्याचे. मी मराठी शाळेत शिकवतो, म्हणून हे मला जवळून ठाऊक आहे. लातूर-परभणीकडचा, गणितात पहिला येणारा मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला जातो. कामात तो कोणाला हार जात नाही. परंतु मीटिंगमध्ये इंग्रजी वाक्य मनात जुळवून त्याने तोंड उघडावे, तोवर विषय पुढे सरकलेला असतो. बालपणापासून इंग्रजीत वाढलेला त्याच्या शेजारचा गृहस्थ त्याच अवधीत एकच मुद्दा तीन वेळा, तीन प्रकारे मांडून मोकळा होतो. टक्केवारीत पहिल्याचे बोलणे चार आणि दुसऱ्याचे चाळीस भरले, तर या आकड्यांनी बुद्धी मोजली की कोणाचा बाप कोणत्या शाळेची फी भरू शकला हे मोजले? मुकाट्याने राबणाऱ्याला न्याय मिळावा म्हणून आणलेला तराजू पहिल्यांदा मुक्यालाच कमी तोलतो.

शाळेत आम्ही दोन वह्या ठेवतो. एक हजेरीपट, दुसरे प्रगतिपुस्तक. हजेरीपट हा फार प्रामाणिक कागद आहे, कारण तो आपल्या कुवतीबाहेर बोलत नाही. मुलगा वर्गात होता की नव्हता, एवढेच तो सांगतो. तो शिकला काय, हे सांगण्याचा आव तो आणीत नाही. त्यासाठी मास्तराला मुलाची वही वाचावी लागते, त्याला फळ्यापाशी उभे करावे लागते, त्याचे चुकलेले गणित कोठे चुकले ते शोधावे लागते. हजेरीपटावरून प्रगतिपुस्तक भरणाऱ्या मास्तराला आपण कामचुकार म्हणू. तेच काम कचेरीतल्या साहेबाने केले की त्याला शास्त्रशुद्ध पद्धती म्हणायचे!

मोजणीच्या या वेडाचा जुना दाखला आमच्याच धंद्यात आहे. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो या मुत्सद्द्याने शाळांच्या अनुदानाचा नवा नियम आणला. सरासरी हजेरीवर मुलामागे चार शिलिंग, आणि हजेरीची अट पुरी करणाऱ्या मुलाच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेवर आठ शिलिंग. एका विषयात नापास झाला की दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. हेतू उत्तमच होता. सरकारचा पैसा वाया जाऊ नये, मास्तरांनी वरच्या वर्गांतल्या मोठ्या मुलांबरोबर खालच्या वर्गांतल्या लहान मुलांकडेही पाहावे. झाले काय? मास्तर मुलांकडून वाचनाचे पुस्तकच तोंडपाठ करून घेऊ लागले. परीक्षेला नसलेले विषय मागे पडले. कवी मॅथ्यू आर्नल्ड तेव्हा शाळातपासनीस होता; शिक्षण यंत्रवत् झाल्याची तक्रार तो आपल्या अहवालांतून करीत राहिला. तरी ती पद्धत पुरती मोडीत निघायला १८९० नंतरचे दशक उजाडावे लागले. ज्याचे पैसे मिळतात ते पिकते, हा शेतीचा नियम माणसांनाही लागू आहे. मीटिंगांना गुण मिळू लागले की मीटिंगा पिकतील. जो तो तीत डोके घालील, 'माझा आवाज येतो ना?' म्हणून हजेरी नोंदवील, आणि खरे काम रात्री जागून करील.

खुद्द यंत्रे विकणाऱ्यांनाही या गोष्टीची लाज एकदा वाटली आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' नावाची सोय बाजारात आणली. गेल्या अठ्ठावीस दिवसांत अमुक माणसाने किती दिवस ई-मेल वापरले, किती दिवस चॅट वापरले, असा हिशेब नावानिशी पाहण्याची तीत व्यवस्था होती. चोहोकडून टीका झाली, तेव्हा १ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने त्यातून माणसांची नावे काढून टाकत असल्याचे जाहीर केले. विकणारा मागे सरला. विकत घेणाऱ्यांपैकी कित्येकांची हौस मात्र फिटलेली नाही.

ती का फिटत नाही? याचे उत्तर न्यायबुद्धीत सापडणार नाही. शेरा लिहिणे हे जबाबदारीचे काम आहे. समोर बसून 'तुझे हे काम कमी पडले' असे सांगायला धैर्य लागते, आणि ते सांगण्याआधी त्याचे काम वाचायला वेळ लागतो. आकडा या दोन्ही कष्टांतून सुटका करतो. 'मी काय करणार, नोंदच तशी आहे' असे म्हणून साहेब हात झटकतो. नोंद यंत्राची, यंत्र कंपनीचे, कंपनी भागधारकांची. मग बिचाऱ्या नोकराने भांडावे कोणाशी?

आमच्या सरकारी कचेऱ्यांत गोपनीय अहवालाची रीत होती. अहवाल वर जायचा. ज्याच्याविषयी तो लिहिला त्याला प्रतिकूल शेरा तेवढा कळायचा, बाकीचा कळायचा नाही. देव दत्त नावाच्या अभियंत्याची बढती एका वर्षाच्या 'चांगला' या शेऱ्यापायी अडली, कारण बढतीला 'फार चांगला' हवा होता आणि तो शेरा त्याला कधी कळवलाच नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शेरा बरा असो वा वाईट, तो त्या नोकराला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. सरकारी नोकराला एवढे संरक्षण मिळायला स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे लागली. खाजगी कंपनीतल्या नोकराला ते या निर्णयाने मिळाले नाही. उलट २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा जो कायदा केला, त्याच्या ७ व्या कलमात नोकरीच्या कारणासाठी नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे. गोपनीय अहवालाची जुनी कपाटे उघडली जात असतानाच नवी, काचेची कपाटे उभी राहत आहेत. त्यांत आतला माणूस सर्वांना दिसतो. त्याला मात्र बाहेरचे कोणी दिसत नाही.

मग ही नोंद जाळून टाकावी काय? तसे मी म्हणत नाही. हजेरीपट आम्हीही जाळीत नाही. मुलगा सलग आठ दिवस आला नाही, तर तो पाहून आम्ही त्याच्या घरी चौकशीला जातो. मीटिंगांच्या नोंदीचा न्याय्य उपयोग हाच आहे. कोणाचे दिवस मीटिंगांनी खाल्ले, कोणाला रोज रात्री दहापर्यंत बसवले गेले, कोणाला महिनोन् महिने कोणी बोलावलेच नाही, हे तीतून पाहावे. आणि ते पाहताना प्रश्न नोकराला विचारू नये. मीटिंग बोलावणाऱ्याला विचारावा. ही नोंद प्रथम नोकराच्या हाती द्यावी, तिच्यातल्या प्रत्येक ओळीखाली त्याला आपले म्हणणे लिहू द्यावे, आणि शेऱ्याच्या कागदावर तिच्यातला एकही आकडा गुण म्हणून चढवू नये. शेऱ्यासाठी साहेबाने त्याचे काम वाचावे, त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारावे, दर महिन्याला चार ओळी टिपून ठेवाव्यात. म्हणजे अकरा महिने विसरण्याची सबब उरणार नाही. हे कष्टाचे आहे. परंतु साहेबाला जास्त पगार मिळतो तो याच कष्टाचा.

हा तराजू उद्या फार लोकांच्या पोटावर लटकणार आहे, आणि त्यांत आमच्या शाळांतून गेलेली मुलेमुली पुष्कळ आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच: वर्षाअखेर आकड्यांचा कागद पुढे आला तर घाबरू नका आणि चिडूही नका. शांतपणे विचारा, 'साहेब, यातल्या किती मीटिंगा मी बोलावल्या होत्या?' आणि त्याच्या उत्तराची नोंद आपल्यापाशी ठेवा.