नगारा, कंठ आणि थाळी

मोटारींतील कर्ण्यांविषयीं या सदरांत लिहावें, अशी सूचना एका वाचकभगिनींनीं केली आहे. त्यांच्या घरांत माणसें बारा आणि मोटार एक. तींत मुलांनीं हौसेनें नवे कर्णे बसविले. कारंज्यास गुरुमंदिराच्या दर्शनाला जातांना कीर्तन लावितात. तें सासूबाईंस ऐकूं येतें, पण समजत नाहीं. आवाज वाढविला कीं मृदंग छातींत घुमतो आणि शब्द अधिकच बुडतात. शिवाय दोन वेळां लहान कर्णे जळाले. आतां दुकानदार म्हणतो, अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर घ्या. घ्यावा काय?

आमचें उत्तर असें कीं, घेऊं नये. त्या घरांत उणीव शक्तीची नसून वांटणीची आहे.

आमच्या पोहरादेवीस चैत्र शुद्ध नवमीला संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानीं बंजारा समाजाचा मोठा मेळा मिळतो. त्या समाजाच्या भजनांत नगारा वाजतो, काशाची थाळी वाजते आणि दोहोंमधून गाणाऱ्याचा कंठ चालतो. नगाऱ्याचें मुख्य बळ सेकंदास दोनशे कंपनांच्या खालीं असतें. थाळीची किणकिण कांहीं हजारांवर पोंचते. मोटारींतील एकाच कर्ण्यानें हें सर्व म्हणावें, अशी अपेक्षा करणें म्हणजे एकाच माणसाला तिन्ही कामें सांगणें होय. नगाऱ्यासाठीं पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा. थाळीसाठीं तो सेकंदास दहा हजार वेळां हलला पाहिजे, म्हणून इवलासा आणि हलका हवा.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांत नादाचीं तीन स्थानें सांगितलीं आहेत: हृदयांत मंद्र, कंठांत मध्य आणि मूर्धेंत तार, प्रत्येक स्थान मागच्याच्या दुप्पट. आजचे यंत्रज्ञ ध्वनीची उतरण मोजतात तीहि याच दुपटीच्या पायरीनें. एरवीं ‘आमच्या ग्रंथांत सर्व होतेंच’ म्हणणाऱ्यांचा आम्हांस कंटाळा आहे, पण हें साम्य शिकवावयास फार सोयीचें आहे.

वांटणी करणाऱ्या जोडणीस क्रॉसओव्हर म्हणतात. वेगळी वीज न घेतां कर्ण्याच्या वाटेवर नुसतीच बसणारी जी जात, तिच्यांत दोनच मुख्य वस्तु असतात. कपॅसिटर तार ध्वनीला सहज सोडतो व मंद्राला अडवितो. तारेचें वेटोळें नेमकें उलट करितें. म्हणून लहान कर्ण्याच्या वाटेवर कपॅसिटर आणि मोठ्याच्या वाटेवर वेटोळें. मोटारीचा कर्णा बहुधा ४ ओहमचा असतो. ३००० कंपनांवर सीमा ठेवावयाची तर हिशेबानें सुमारें १३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व ०.२१ मिलीहेन्रीचें वेटोळें लागतें.

लहान कर्णे कां जळाले, हेंहि येथेंच कळतें. एकट्या कपॅसिटरची भिंत फार उतरती असते. सीमेच्या निम्म्यावर, म्हणजे १५०० कंपनांवर, शक्तीचा पांचवा हिस्सा तरी लहान कर्ण्यांत शिरतोच. ७५० वर सतरावा. शब्द कळत नाहींत म्हणून आवाज चढविला कीं हा हिस्साहि चढतो आणि केसासारखी तार वितळते. कपॅसिटरच्या पुढें कर्ण्याला समांतर एक वेटोळें जोडलें, तर १५०० वर सतरावा हिस्सा उरतो आणि ७५० वर अडीचशेंतला एकच. त्यासाठीं ९.४ मायक्रोफॅरड व ०.३० मिलीहेन्री अशी जोडी घ्यावी. मोठ्या कर्ण्याकडे हीच जोडी उलट बसवावी: वेटोळें वाटेवर, कपॅसिटर समांतर. हें गणित ब्रिटिश यंत्रज्ञ स्टीफन बटरवर्थ यानें १९३० सालीं मांडलेल्या पद्धतीचें आहे.

मात्र पुस्तकांतला हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरितो, ती ही कीं ४ ओहमचा कर्णा सर्वत्र ४ ओहमचाच असतो. तो तसा नसतो. मोठ्या कर्ण्यांत स्वतःचेंच वेटोळें असल्यामुळें कंपनें वाढलीं कीं त्याचा विरोधहि वाढतो. तीन हजारांवर तो ८ ओहम झाला, तर साध्या हिशेबानें ०.२१ मिलीहेन्रीची सीमा सहा हजारांवर सरकते. मग जेथें थांबावयाचें तेथें मोठा कर्णा थांबत नाहीं, आणि व्याकरणांत ज्यांस ऊष्म म्हणतात ते श, ष, स दोन्ही कर्णे एकमेकांवर बोलतात. या वर्णांचें बहुतेक बळ अडीच-तीन हजारांच्या वरच असतें, आणि उतारवयांत कान प्रथम मंदावतो तोहि तार ध्वनीलाच. सासूबाईंचें कीर्तन बुडतें तें येथें. उपाय स्वस्त आहे. मोठ्या कर्ण्याला समांतर एक रोध व एक कपॅसिटर ओळीनें जोडावे. कर्ण्याच्या तारेचा रोध ३.२ ओहम व वेटोळेपणा ०.४ मिलीहेन्री असेल, तर ४ ओहम व २५ मायक्रोफॅरड पुरतात. हे आंकडे कर्ण्याच्या पत्रकांत छापलेले असतात. पत्रक न देणाऱ्या दुकानांतून माल घेऊं नये.

नगारा आणि कंठ यांच्यामधली, ३०० कंपनांची सीमा मात्र या रीतीनें घालूं नये. एकट्या कपॅसिटर-वेटोळ्याच्या हिशेबांतहि तेथें सर्व आंकडे दसपट होतात: १३३ मायक्रोफॅरड आणि २.१ मिलीहेन्री. एवढ्या वेटोळ्यास बारीक तार वापरली आणि तिचाच रोध १ ओहम झाला, तर शक्तीचा पांचवा हिस्सा उष्णता होऊन जातो. जाड तार घ्यावी तर वजन आणि किंमत दोन्ही भारी. हल्लींच्या पुष्कळ ॲम्प्लिफायरांत ही सीमा आंतच ठरवितां येते. तेथेंच ती ठरवावी.

आतां जागेचें. मोठा कर्णा दारांत पायाशीं आणि लहान समोरच्या कांचेलगतच्या खांबावर, अशी रीत आहे. ३००० कंपनांची एक लहर सुमारें साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे पावणेसहा सेंटिमीटरच्या फरकानें दोघे एकमेकांस खोडूं लागतात. वरील जोडणींत लहान कर्ण्याच्या दोन तारा उलट जोडाव्यात असें शास्त्र सांगतें. मोटारींत अंतरें वेगळीं पडतात, म्हणून दोन्ही रीतींनीं जोडून पाहावें. यांत पंच सासूबाईंसच नेमावें. आवाज न वाढवितां ज्या रीतीनें शब्द स्पष्ट होतील ती कायम करावी. लहान कर्णा फारच किंचाळत असेल, तर त्याच्या वाटेवर रोधांची जोडी घालून त्यास उतरवावें.

कपॅसिटर ध्रुव नसलेला, शक्य तर पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा. दोन वेटोळीं शेजारीं ठेवूं नयेत. ठेवावींच लागलीं तर एक उभें व एक आडवें, आणि मोटारीच्या लोखंडी पत्र्यापासून दूर. पेटी दारांत बसवूं नये, पावसाळ्यांत तेथें पाणी उतरतें. आसनाखालीं कोरडी जागा पाहून लाकडाच्या फळीवर ती घट्ट बसवावी.