समुद्रतळ जाड कोठें, पातळ कोठें?

धिरडें घालतांना पीठ तव्याच्या मध्यभागीं ओततात. तेथें तें जाड राहतें व कडेकडे पसरतां पसरतां पातळ होतें, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नकोच. परंतु महासागराचा तळही कांहींसा असाच घडतो, असें आम्हीं म्हटलें तर पुष्कळांस नवल वाटेल.

अटलांटिक महासागराच्या मध्यांतून, पाण्याखालीं, एक प्रचंड पर्वतरांग उत्तर-दक्षिण गेलेली आहे. तिच्या माथ्यावर एक खोल दरी असल्याचें मेरी थार्प या अमेरिकन विदुषीनें खोलीच्या मोजणीवरून १९५२ सालीं ओळखलें. या दरीच्या दोन्ही बाजूंचे भूपट्ट वर्षाकांठीं सुमारें अडीच सेंटिमीटर, इतक्या मंद गतीनें एकमेकांपासून दूर सरत आहेत. मध्यें पडणाऱ्या फटींत खालून शिलारस येतो, थिजतो आणि नवा तळ होतो.

सरण्याची गति जर बहुतेक सारखी, तर तळाची जाडीही सारखी असावी, असें कोणासही वाटेल. मोजणी मात्र निराळेंच सांगते. ही रांग अखंड नसून तिचे वीस ते शंभर किलोमीटर लांबीचे तुकडे पडलेले आहेत. प्रत्येक तुकड्याच्या मध्याखालीं शिलारस एकवटतो. टोकांच्या वांट्यास थोडाच येतो. त्यामुळें कांहीं तुकड्यांच्या मध्याशीं थिजलेल्या शिलारसाचें कवच आठ किलोमीटरपर्यंत जाड भरतें, तर टोकांशीं तें तीन-चार किलोमीटरच असतें. हें झालें आमचें धिरडें.

पण भूपट्ट म्हणजे नुसतें कवच नव्हे. कवचाखालीं प्रावरण नांवाचा खडकांचा थर असतो; त्याचा वरचा, थंड होऊन ताठर झालेला भाग व कवच मिळून भूपट्ट होतो. त्याची जाडी उष्णतेवर ठरते. दुधावरील सायीचेंच उदाहरण घ्या. खालीं विस्तव असेल तोंवर ती नीट धरत नाहीं. दूध निवूं लागलें कीं दाटते. तुकड्याच्या मध्याशीं शिलारसाची ऊब असल्यानें पट्ट पातळ राहतो. टोकांशीं ती कमी, म्हणून तो जाड होतो. सारांश, जेथें कवच पातळ तेथेंच पट्ट जाड! भूकंप याची साक्ष देतात. खडक थंड व ठिसूळ असेल तेथवरच तो तडकतो. आणि टोकांशीं भूकंप अधिक खोलवर होतात.

शिलारस अपुरा पडला म्हणून पट्टांचें सरणें थांबत नाहीं. ती तूट तडे भरून काढतात. मोठ्या भेगांवरून जाड पट्ट घसरत जातो व एरवीं खोल दडलेला प्रावरणाचा खडक तळावर उघडा पडतो. उत्तर अटलांटिकांत ३० अंश अक्षांशाजवळ अटलांटिस नांवाचा असा एक पहाड आहे. तेथें २००० सालीं संशोधकांस कढत झऱ्यांनीं उभारलेले पांढरे मनोरे दिसले. सर्वांत उंच मनोरा सुमारें ६० मीटर आहे! तेथें ज्वालामुखी नाहीं. खडकांत उरलेली उष्णता पाणी तापविते. खडक व पाणी यांच्या रासायनिक क्रियेंतून हायड्रोजन निघतो आणि सूक्ष्म जीव त्यावर जगतात.

हा विषय आपणांसही परका नाहीं. अरबी समुद्राकडील कार्ल्सबर्ग रांग अशीच मंद आहे; हिंदी महासागराची नैर्ऋत्य रांग तर त्याहूनही मंद. त्या महासागराच्या मध्य व नैर्ऋत्य रांगांवर गंधकयुक्त धातूंचा शोध घेण्यासाठीं भारतानें २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशीं करार केला. क्षेत्र १०,००० चौरस किलोमीटर. जाड पट्टांतील मोठ्या भेगा कढत पाण्यास दीर्घकाळ वाट देतात, म्हणून मंद रांगांवर धातूंचे साठे मोठे होऊं शकतात. शिलारस थोडा म्हणून जागा ओसाड, असें मानणारा शोधक फसेल.

मात्र त्याच झऱ्यांच्या आधारें जीवसृष्टि नांदते. धातूसाठीं हात घालण्यापूर्वीं तिची ओळख करून घेणें हेंच शहाणपणाचें, असें आम्हांस वाटतें.