तलावाकाठची सावली

आमच्या एका स्नेह्यांनी मावळात बंगला बांधला असून त्याच्या परसात आता पोहण्याचा तलाव व्हावयाचा आहे. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. अशा बाबतीत अर्थशास्त्राच्या अध्यापकाचा सल्ला सहसा कोणी घेत नाही. परंतु खर्चाचा तक्ता एकदा नजरेखालून घालावा म्हणून नकाशा माझ्याकडे आला. तलाव निळा, भोवतीची फरसबंदी पांढरी आणि कडेला लाकडी पट्ट्यांचा उघडा मांडव. फरशीच्या दरांचे तीन पर्याय दिले होते. पाण्याचा रकाना मात्र नव्हता. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "बोअर आपलीच आहे."

या उत्तरात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. साडेचारशे चौरस फूट म्हणजे सुमारे ४२ चौरस मीटर. सरासरी खोली साडेचार फूट धरली तर तलावात सुमारे ५७ हजार लिटर पाणी मावते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्या हिशेबाने हे हजाराहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. पण तलाव एकदाच भरावयाचा असतो, असे कोणी म्हणेल. ते खरे, खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत पठारावर उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ मिलिमीटर उतरणे यात नवल काही नाही. म्हणजे रोज ३३६ लिटर. सहा माणसांचे पाणी रोज कोणाच्याही उपयोगी न पडता हवेत जाते, आणि ते नेमके त्याच दिवसांत, जेव्हा आसपासच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो.

म्हणूनच सावली ही तलावाची शोभा नव्हे, ती हिशेबातील बाब आहे आणि नकाशात तिचा विचार फरशीच्या आधी व्हावयास हवा. आपल्याकडे मेच्या मध्यास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. उघड्या पट्ट्यांच्या मांडवातून त्या वेळी ऊन सरळ खाली उतरते. जेवढी पट्टीची जाडी तेवढीच सावली. सचित्र मासिकांत देखणा दिसणारा हा मांडव आमच्या उन्हाळ्यात निव्वळ लाकडाचा खर्च ठरतो. त्यावर वेल चढवावा किंवा रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी ताणावी. ही जाळी पाण्यावरही ताणता येते. फाल्गुनात लावावी आणि वळवाच्या वाऱ्याआधी गुंडाळून ठेवावी. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून मांडवाखाली शिरते, त्यास छप्पर काय करणार? त्या बाजूस उभा आडोसाच हवा. तोच आडोसा पाण्यावरून वाहणारा वाराही अडवतो, आणि वाफ वाहून नेण्याचे काम उन्हाइतकेच वारा करीत असतो. अर्थात वापर नसताना पाण्यावर आच्छादन पसरणे हा उपाय सावलीहूनही प्रभावी आणि स्वस्त आहे.

फरसबंदीविषयी फार लिहावयास नको. गुळगुळीत ग्रॅनाइटवर ओले पाय घसरतात, काळ्या कडप्प्यावर भाजतात; खरबरीत शहाबादी बरी. सांधे सिमेंटने बुजवू नयेत, म्हणजे पावसाचे पाणी तेथल्या तेथे मुरते.

श्रीमंतांच्या हौसेवर माझा आक्षेप नाही. तलावाने गवंड्याला काम मिळते, माळ्याला पगार मिळतो. आक्षेप आहे तो किमतीविषयी. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे रुजलेले आहे. पुढे भूजलाचे कायदे झाले, तरी बंगल्याच्या परसातील बोअरवर मीटर दिसत नाही. मालक मोजतो ती केवळ विजेची किंमत. शेजारच्या विहिरीची खालावलेली पातळी कोणाच्याच खात्यावर पडत नाही. ज्या महाराष्ट्राने २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेले, त्याला ही चैन परवडत नाही.

बाहेरच्या देशांनी यावर उपाय योजिले आहेत. अमेरिकेतील लास व्हेगास ज्या क्लार्क परगण्यात आहे, तेथे २०२२ साली नव्या घरगुती तलावांवर ६०० चौरस फुटांची मर्यादा घालण्यात आली. (आपला तलाव तीत बसतो, हे आमच्या स्नेह्यांनी तत्काळ हेरले.) फ्रान्समध्ये तलावामुळे घराचा मालमत्ता कर वाढतो, २०२२ साली तेथील करखात्याने हवाई छायाचित्रे संगणकाकडून तपासून वीस हजारांहून अधिक लपविलेले तलाव शोधून काढले. आपल्याकडे बोअरवर मीटर बसवणे अवघड असेल, पण पाण्याचा पृष्ठभाग आकाशातून दिसतो. त्यावर चौरस मीटरमागे आकार बसवावा, उघड्या पृष्ठभागावर दुप्पट आणि आच्छादलेल्यावर निम्मा. बांधकामाची परवानगी देतानाच छपरावरचे पाणी जिरविण्याची अट घालावी. असा आकार गोळा करणे ग्रामपंचायतीलाही अशक्य नाही, आणि त्याचे उत्पन्न गावच्या नळयोजनेला मिळाले तर टँकरचे काही पैसे तरी वाचतील.

स्नेह्यांनी पश्चिमेचा आडोसा मान्य केला. मांडवावर मधुमालती चढवण्यासही त्यांच्या सौभाग्यवती राजी झाल्या. आच्छादनास मात्र दोघांनीही नकार दिला. ते घातले तर वरच्या गच्चीतून निळे पाणी दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.