पैशाचा बाजार आणि देशाचे उद्योग

आपल्या देशांत कारागिरांची वाण नाहीं, कष्टाळू हातांची वाण नाहीं आणि बुद्धीची तर मुळींच नाहीं. मग एका देशांत मोठमोठे कारखाने भराभर उभे राहतात आणि दुसऱ्यांत ते वर्षानुवर्षें कां रखडतात, हा प्रश्न विचारी मनुष्यास पडल्यावांचून राहत नाहीं. कोणी याचें उत्तर हवापाण्यांत शोधतात, कोणी राज्यकर्त्यांच्या धोरणांत, तर कोणी लोकांच्या आळसांत. या प्रत्येक उत्तरांत थोडेंबहुत तथ्य असेल. परंतु ज्या एका कारणाचा विचार शाळांतून व घरांतून फारसा होत नाहीं, त्याकडे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तें कारण म्हणजे पैशाचा बाजार. ज्याच्याजवळ शिल्लक आहे त्याचा पैसा, ज्याच्याजवळ उद्योगाची कल्पना आहे पण पैसा नाहीं त्याच्यापर्यंत, विश्वासानें पोंचविण्याची व्यवस्था, एवढाच या शब्दाचा अर्थ.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. कसबा पेठेंतील तांबट आळींत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणाऱ्या कारागिरांच्या हातोड्यांचा नाद पेशवाईपासून चालत आलेला आहे. कुंभारवाडा, बुरूड आळी, कागदीपुरा हीं नांवेंच सांगतात कीं, उद्योगी माणसांची येथील वस्ती किती जुनी आहे. आतां या धंद्यांची रीत पाहा. कुंभारास माती, चाक व भट्टी पुरे होते; आजच्या मडक्यांच्या विक्रींतून उद्यांची माती येते. दुसऱ्याच्या पैशाची गरज लागलीच तर ती थोडी व थोड्या दिवसांची. औषधांच्या कारखान्याची गोष्ट निराळी. तेथें प्रयोगशाळा बांधावी, यंत्रें आणावीं, शास्त्रज्ञांस वेतन द्यावें, आणि इतकें करूनहि पहिली बाटली विकली जाण्यास कित्येक वर्षें लागावीं. हा मधला काळ कोणाच्या पैशावर काढावयाचा? घरचें सोनें गहाण टाकून मडक्यांची भट्टी चालेल, पण औषधांचा कारखाना चालणार नाहीं. त्यासाठीं हजारों अनोळखी माणसांची शिल्लक एकत्र यावी लागते.

ही नुसती तर्काची गोष्ट नव्हे. रघुराम राजन, जे पुढें २०१३ ते २०१६ या काळांत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, आणि लुइजी झिंगालेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या धंद्यास बाहेरच्या पैशाची किती गरज असते, हें त्यांनीं अमेरिकेंतील कंपन्यांच्या हिशेबांवरून ठरविलें. तंबाखू, चामडें, मातीचीं भांडीं हे धंदे त्या यादींत तळाशीं आले; औषधें व संगणक यांचे धंदे वरच्या टोकास. नंतर त्यांनीं ४१ देशांतील १९८० च्या दशकांतील वाढ तपासली. ज्या देशांत पैशाचा बाजार चांगला विकसित झालेला होता, तेथें बाहेरच्या पैशावर अवलंबून असणारे धंदे इतर धंद्यांच्या मानानें अधिक वेगानें वाढलेले आढळले, आणि नवे कारखाने निघण्याच्या बाबतींत हा परिणाम विशेष दिसला. कोणी म्हणेल, उद्योग वाढले म्हणून मागाहून पैशाचा बाजार वाढला असेल. तसें असतें तर नेमके परक्या पैशाची गरज असलेलेच धंदे पुढें कां जावेत? आम्हांस या निबंधांतील आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. देशाचा पैशाचा बाजार किती चांगला, हें मोजण्यासाठीं या दोघांनीं त्या देशांतील कंपन्यांचे हिशेब किती स्पष्ट व पूर्ण असतात, हेंहि एक माप म्हणून घेतलें होतें.

आपल्या प्रांताचा इतिहास हीच साक्ष देतो. मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं समाईक भांडवलाच्या कंपनीच्या रूपानें कापडधंद्याचा पाया घातला. १८७५ सालीं तेथील दलालांनीं आपली संस्था स्थापन केली व तिच्यांतूनच मुंबईचा शेअरबाजार उदयास आला. आणि त्याच १८७५ सालीं मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें पिचलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून घेऊन जाळले! एकाच इलाख्यांत, एकाच वर्षीं, एका ठिकाणीं पैसा गिरणीचीं चातीं फिरवीत होता आणि दुसऱ्या ठिकाणीं तोच पैसा शेतकऱ्याच्या गळ्याचा फांस झाला होता. फरक पैशांत नव्हता, व्यवस्थेंत होता. एकीकडे उघडा भाव व अनेक देणारे. दुसरीकडे सावकाराची वही आणि ती वाचूं न शकणारा ऋणको.

पुढें १९०७ सालीं टाटांच्या पोलादाच्या कारखान्यास लंडनच्या बाजारांत भांडवल मिळण्याचें चिन्ह दिसेना, तेव्हां तें मुंबईंत मागण्यांत आलें. सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं तीन आठवड्यांच्या आंत तें पुरें केलें, आणि १९१२ सालीं साकची, म्हणजे आजचें जमशेदपूर, येथें पोलाद निघूं लागलें. लोखंडाचे दगड तेथील डोंगरांत पूर्वींहि होतेच. त्यांस बाहेर काढणारी शक्ति म्हणजे या अनोळखी माणसांचा एकमेकांवरील विश्वास.

याच सुमारास पुण्याजवळ तळेगांव येथें अंताजी दामोदर काळे यांनीं जमविलेल्या पैसा फंडांतून १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला. एकेक पैसा गोळा करण्याच्या त्या खटाटोपाविषयीं आमच्या मनांत परम आदर आहे. परंतु वर्गणी आणि भांडवल यांत भेद आहे. वर्गणी देणारा एकदां देतो व विसरून जातो. भांडवल देणारा दर वर्षीं हिशेब मागतो, आणि हिशेब पटला तर पुन्हां देतो. वर्गणीनें एक कारखाना निघेल. शंभर कारखाने निघण्यास भांडवलाचा वाहता झरा पाहिजे. असें काम करणाऱ्या संस्था पुण्यांतहि निघाल्या. १९०६ सालीं सहकारी तत्त्वावर कॉसमॉस बँक, आणि १९३५ सालीं बँक ऑफ महाराष्ट्र, जिच्या संस्थापकांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे हे प्रमुख होते. जर्मनींत एकोणिसाव्या शतकांत हेंच काम शेअरबाजारापेक्षां मोठ्या बँकांनीं अधिक केलें. सारांश, रूप कोणतेंहि असो, शिल्लक व उद्योग यांची गांठ पडली पाहिजे.

येथें पालक म्हणतील, “गुरुजी, हें सर्व खरें, पण बुडालेल्या पैशाचें काय?” हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव चढले, तेव्हां मुंबईंत शेअरांचें वेड इतकें माजलें कीं, १८६५ सालीं तो फुगा फुटतांच कित्येक घरें धुळीस मिळालीं. अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० सालीं बुडाली. आमच्याच शहरांत १९१२ सालीं निघालेल्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ सालीं निर्बंध आले आणि २०२२ सालीं तिचा परवाना रद्द झाला. औषधपाण्यासाठीं ठेवलेले स्वतःचेच पैसे हातीं न लागण्याचें दुःख ज्यांनीं सोसलें, त्यांस बाजाराचे गोडवे ऐकविणें क्रूरपणाचें होईल.

परंतु यावरून पैसा पुरून ठेवावा, असें अनुमान निघत नाहीं. नाणें जमिनींत पुरणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. तिजोरींतील सोनें कोणाच्या हातास काम देत नाहीं. प्रत्येक आपत्तींतून कांहीं ना कांहीं सुधारणा झाली आहे. लक्ष्मी बँक व त्याच वर्षीं बुडालेली केरळांतील पालाई सेंट्रल बँक यांच्यानंतर १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. प्रारंभीं त्याची मर्यादा अवघी १,५०० रुपये होती, ती २०२० सालीं ५ लक्ष करण्यांत आली. विश्वास हा भोळेपणानें टिकत नाहीं; तो तपासणीनें टिकतो. जेथें तपासणी ढिली पडते तेथें लोक पैसा काढून घेतात, आणि त्याची झळ शेवटीं कारखान्यांतल्या मजुरास लागते.

दुसरा आक्षेप आमचा स्वतःचाच आहे. शेअरबाजाराचे आंकडे फुगले म्हणजे काम झालें, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. मोठ्या कंपनीस एका दिवसांत कोट्यवधि रुपये मिळावेत, आणि हातांत पक्की मागणी असलेल्या तांबटास पत्रा घेण्यासाठीं पत मिळूं नये, तर तो बाजार अपुरा आहे. जो केवळ तारण पाहतो आणि माणसाचा हिशेब व हातचें काम पाहत नाहीं, तो ज्याच्याजवळ आधींच आहे त्यालाच देतो. आमच्या मतें पैशाच्या बाजाराची खरी कसोटी मोठ्या इमारतींत नसून अशा गल्लींत लागते.

तेव्हां विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, हिशेब लिहिण्यास व वाचण्यास शिका. त्यास क्षुद्र कारकुनी समजूं नका. उद्यां तुमच्यापैकीं कोणी कारखाना काढील, कोणी वडिलांचा हातोडा हातीं घेईल. परका मनुष्य तुमच्या हातीं पैसा देईल तो तुमची चोख वही पाहून. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, शिल्लक सारी एका ठिकाणीं ठेवूं नये, अवाच्या सवा व्याजाच्या आमिषास भुलूं नये, आणि जेथें पैसा ठेवावयाचा तेथील वार्षिक अहवाल मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. ज्या घरांत हिशेब मागण्याची लाज वाटत नाहीं व देण्याची भीति वाटत नाहीं, अशा घरांच्या शिलकेवरच देशाचे कारखाने उभे राहतात.