वृद्धांची उभारी कशी मोजावी?

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली पंचेचाळिशीपुढील व्यक्ती व त्यांचे जोडीदार अशा ७२,००० हून अधिक जणांची जी देशव्यापी पाहणी केली, तीत हाताच्या पकडीचा जोर, चालण्याचा वेग व स्मरणशक्ती यांचीही मोजदाद झाली. (पकडीचे महत्त्व तालमींच्या या नगरीस कोणी सांगावयास नको!) उपक्रम स्तुत्य खराच, परंतु एका मापाने आजची शक्ती कळते, आघातानंतरची उभारी नव्हे. त्यासाठी दुखण्यापूर्वीचे माप हवे आणि नंतरचेही.

२०१९ व २०२१ साली पंचगंगेच्या महापुराने कोल्हापुरातील वृद्धांनाही घरे सोडावयास लावली. मधल्या काळात करोनाने गाठले. त्यांतून कोण पूर्ववत हिंडूफिरू लागले, कोणी अंथरूण धरले, हे मृतांच्या व बऱ्या झालेल्यांच्या आकड्यांत दिसत नाही. खुब्याचे हाड मोडलेली आजी 'बरी होऊन घरी गेली' एवढेच कागद सांगतो. ती पुन्हा रंकाळ्यावर फिरावयास गेली काय, हे त्यास ठाऊक नसते.

महापालिकेच्या दवाखान्यांत रक्तदाब दाखवावयास येणाऱ्या साठीपुढील प्रत्येकाची पकड, चार मीटर चालण्यास लागणारा वेळ आणि घरी सोबतीस कोण आहे, हे केसपेपरावर लिहावे. मोठ्या दुखण्यानंतर सहा महिन्यांनी तेच पुन्हा मोजावे. यास एक पकडमापक, एक घड्याळ व जमिनीवर आखलेल्या दोन रेघा पुरतात. पुढील पावसाळ्यापूर्वी महापालिकेने हे काम हाती घ्यावे, अशी आमची मागणी आहे.